पाऱ्याच्या आधी पडदा

दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरून पारा चढवायचा आणि रक्तदाब वाचायचा, ही पद्धत १८९६ सालची. इटलीतल्या ट्यूरिन शहरात स्किपिओने रिव्हा-रॉची यांनी ती प्रसिद्ध केली. त्याच्या वीस वर्षं आधी, १८७६ मध्ये, लंडनच्या विल्यम गावर्स या एकतीस वर्षांच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या डोळ्यांत आरशातून पाहून लिहून ठेवलं होतं की यांच्या पडद्यावरच्या धमन्या बारीक झाल्या आहेत, आणि मनगटावर नाडी जितकी ताठ लागते तितक्या त्या अधिक बारीक दिसतात. रक्तदाबाचा आकडा कळण्याआधी त्याची खूण अशी डॉक्टरांच्या नजरेला पडली होती. रक्तदाबाच्या इतिहासात रिव्हा-रॉची यांचं नाव हटकून येतं. डोळ्यात पाहणाऱ्यांची नावं मात्र नेत्रतज्ज्ञांच्या पुस्तकांबाहेर फारशी येत नाहीत. हे मला बरोबर वाटत नाही.

मी तासगावात डोळ्यांचा दवाखाना चालवते. द्राक्षाच्या छाटणीची गडबड ओसरली की चाळिशी उलटलेले शेतकरी चश्म्याच्या नंबरासाठी येतात. थेंब घालून बाहुली मोठी केली की मी आत पाहते, आणि त्यांतल्या काही जणांना विचारावं लागतं, "दादा, बीपी कधी तपासलं होतं का?" उत्तर ठरलेलं असतं: "मला कसलं बीपी, मॅडम? डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई." त्यांचं खरंच काही दुखत नसतं. पण पडद्यावरच्या वाहिन्यांनी बरीच वर्षं जास्त दाब सोसलेला असतो, आणि तो तिथे दिसतो.

दिसतो म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगते. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर एक फिकट गुलाबी गोल असतो, तिथून दृष्टीची नस मेंदूकडे जाते. याच गोलातून मुख्य धमनी आत येते आणि चार फांद्यांनी पडद्यावर पसरते. तिच्या जोडीनं शिरा परत जातात. धमन्या फिकट लाल, शिरा गडद आणि थोड्या रुंद. निरोगी माणसात धमनीची जाडी दोन धरली तर शिरेची तीन. वाहिनीची भिंत पारदर्शक असते, त्यामुळे आपण पाहतो ती आतल्या रक्ताची धार. त्या धारेवर मधोमध प्रकाशाची एक बारीक रेघ चमकते. कातडी न कापता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या इतक्या उघड्या दिसतील अशी दुसरी जागा शरीरात नाही.

दाब वाढला की या लहान धमन्या आधी आवळल्या जातात. पडद्यातल्या वाहिन्यांना बाहेरून हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंची सोय नाही. आतून जोर आला की त्या स्वतःच आकसतात, म्हणजे पुढच्या केशवाहिन्यांना तो जोर लागू नये. हे संरक्षणच आहे. पण महिनोन्महिने आवळून राहिलं की भिंतीतला स्नायू जाड होतो, मग त्यात घट्ट काचेसारखा पदार्थ साचतो आणि धमनी ताठ होते. चमकणारी रेघ रुंदावते. पुढे ती इतकी पसरते की अख्खी वाहिनी तांब्याच्या तारेसारखी आणि त्याच्याही पुढे चांदीच्या तारेसारखी दिसते. ही दोन्ही नावं नेत्रवैद्यकात शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत.

आता हे सगळं पहिल्यांदा पाहणं कसं शक्य झालं त्याकडे येते. लंडनच्या गाइज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज, चमच्यात तापवली की साकळणारी लघवी आणि खराब झालेली मूत्रपिंडं यांचा एकमेकांशी संबंध जोडून दाखवला. अशा रोग्यांचं हृदय मोठं झालेलं असतं हेही त्यांनी १८३६ मध्ये मांडलं. त्यांतल्या काहींची नजर जाते हे डॉक्टरांना माहीत होतं. का जाते, ते पाहायला मार्ग नव्हता. जिवंत माणसाची बाहुली काळीच दिसते, कारण आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेनं परत जातो, आणि त्या वाटेत पाहणाऱ्याचं डोकं ठेवलं तर दिवाच झाकला जातो.

ही अडचण क्योनिग्सबर्गच्या हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या डिसेंबरमध्ये सोडवली. वय एकोणतीस, शरीरशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना शिकवताना हा प्रश्न त्यांना पडला, आणि काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या बसवून त्यांनी उत्तर काढलं. बाजूच्या दिव्याचा प्रकाश त्या पट्ट्यांवरून परतून रोग्याच्या डोळ्यात जाई आणि परत येणारा प्रकाश त्याच काचांमधून पार होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात येई. पुढच्या वर्षी, १८५१ मध्ये, त्यांची छोटी पुस्तिका निघाली. रेकोस नावाच्या तिथल्याच कारागिरानं भिंगांची फिरती चकती जोडून दिली. आज माझ्या हातातल्या यंत्रातही अंगठ्याखाली तशीच चकती फिरते. खरं तर चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ च्या सुमाराला असंच एक साधन बनवून लंडनच्या एका नेत्रतज्ज्ञाला दाखवलं होतं. त्या तज्ज्ञाला त्याचं महत्त्व कळलं नाही आणि ते तसंच पडून राहिलं.

दहा-बारा वर्षांत बर्लिन आणि पॅरिसच्या डॉक्टरांनी ब्राइटच्या रोग्यांच्या पडद्यावरचे रक्ताचे ठिपके, पांढरे डाग आणि दृष्टिबिंदूभोवतीची चांदणी यांची वर्णनं केली. रिचर्ड लीब्राइश यांचा रंगीत चित्रसंग्रह १८६३ मध्ये आला. पण सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार: मूत्रपिंड बिघडतं, विष साचतं, त्यानं डोळा बिघडतो. दाब हा या गोष्टीत कुठेच नव्हता.

तो आणला फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी. या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते, म्हणून जरा थांबते. त्यांचे आजोबा शेख दीन महोमेद पाटण्याचे. कंपनीच्या फौजेबरोबर वाढले, आयर्लंडला गेले, तिथे त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं, १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी जेवणाचं दुकान काढलं आणि ते बुडाल्यावर ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेच्या स्नानाची आणि चंपीची स्नानगृहं चालवून राजघराण्यापर्यंत नाव कमावलं. १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांची पुस्तिका आली त्याच वर्षी, ते वारले. नातू १८४९ चा, शिकला गाइजमध्येच, म्हणजे ब्राइटच्या रुग्णालयात. विद्यार्थी असतानाच त्यानं मनगटावरची नाडी कागदावर रेखणारं यंत्र सुधारलं, म्हणजे रेघ काढण्यासाठी नाडीवर किती भार द्यावा लागतो ते मोजता येईल असं केलं. मग लोहितांग ज्वराच्या रोग्यांच्या नाड्या रोज रेखत बसला. त्याला आढळलं की लघवीत प्रथिनं दिसायच्या आधी नाडी ताठ होते. १८७४ पासून पुढची पाच-सहा वर्षं त्यानं हे पुन्हापुन्हा मांडलं: दाब आधी, मूत्रपिंड नंतर, आणि मूत्रपिंड अजिबात बिघडलेलं नसताना दाब वाढलेली, वर्षानुवर्षं हिंडती-फिरती माणसं असतात. आज ज्यांना आपण बीपीवाले म्हणतो त्यांची ही पहिली नीट ओळख होती. १८८४ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वरानं त्यांचा मृत्यू झाला. आणखी वीस वर्षं लाभती तर रिव्हा-रॉची यांचा पट्टा त्यांच्या हाती आला असता.

गावर्स याच काळातले, पण वेगळ्या रुग्णालयातले, क्वीन स्क्वेअरच्या मज्जारोग रुग्णालयाचे. विलक्षण नोंदी करणारा माणूस. लघुलिपीचं त्यांना इतकं वेड की ती वापरणाऱ्या डॉक्टरांची त्यांनी पुढे संस्थाच काढली. चित्रकलाही हातात होती. रोगी अंधाऱ्या खोलीत बसवून, गॅसच्या दिव्याच्या उजेडात, ते पडद्यावरची प्रत्येक फांदी पाहत आणि कागदावर उतरवत. हे किती कष्टाचं आहे ते मला माहीत आहे. साध्या यंत्रानं पडदा पंधरापट मोठा दिसतो, पण एका वेळी त्याचा लहानसा तुकडाच. त्यातच रोगी डोळा हलवतो, श्वास एकमेकांच्या तोंडावर येतो, मान अवघडते. गावर्स यांनी धमनीची जाडी शेजारच्या शिरेशी ताडून पाहिली. मोजपट्टी नसताना ही युक्ती फार चांगली होती, कारण डोळ्याच्या चश्म्याच्या नंबरामुळे दोन्ही वाहिन्या सारख्याच लहान-मोठ्या दिसतात, पण त्यांचं प्रमाण बदलत नाही. १८७६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी निष्कर्ष लिहिला आणि १८७९ मध्ये स्वतः काढलेल्या चित्रांसह मोठा ग्रंथ काढला. डोळ्यात पाहणं हे केवळ नेत्रतज्ज्ञाचं काम नसून प्रत्येक डॉक्टरचं आहे, हा त्या ग्रंथाचा आग्रह होता.

पुढची मोठी नोंद रॉबर्ट मार्कस गन यांची, लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातली. पडद्यावर धमनी आणि शिरा एकमेकींना ठिकठिकाणी ओलांडतात. बहुतेक जागी धमनी वर असते, शिरा खाली, आणि त्या जागी दोघींना एकच वेष्टण असतं. गन यांनी १८९२ मध्ये दाखवलं की धमनी ताठ आणि जाड झालेल्या रोग्यांत खालची शिरा ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना निमुळती होऊन नाहीशी झाल्यासारखी दिसते, आणि रक्त जिकडून येतं त्या बाजूला तुंबून फुगते. आमच्या भागात ठिबकच्या नळीवर जड पाइप पडला की अलीकडे नळी टरारते आणि पलीकडे पाणी कमी पडतं, तसंच. अशाच ओलांडणीवर कधीतरी शिरेत गुठळी होते आणि पडद्याचा चतकोर भाग रक्तानं भरून जातो. रोगी सकाळी उठून सांगतो की एका डोळ्यानं वरचं किंवा खालचं दिसेनासं झालं. १८९८ मध्ये गन यांनी या खुणा आणि मेंदूतला रक्तस्राव यांची सांगड घातली. लक्षात घ्या, तोवर रिव्हा-रॉची यांचं यंत्र निघालं असलं तरी लंडनच्या डॉक्टरांच्या टेबलावर आलेलं नव्हतं. मूरफील्ड्सच्या अंधाऱ्या खोलीत बसून, दाबाचा एकही आकडा हाताशी नसताना, गन कोणाला पक्षाघाताचा धोका आहे ते सांगू लागले होते.

मग आकडे आले. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोटकोव्ह यांनी कोपराच्या खोबणीत नळी लावून आवाज ऐकायची रीत सांगितली आणि वरचा-खालचा असे दोन्ही दाब मोजता येऊ लागले. आकडा मिळाला तरी एक प्रश्न उरला: दोघांचाही दाब दोनशे, मग एक दहा वर्षं शेती करतो आणि दुसरा दहा महिन्यांत जातो, असं का?

या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पडद्यानंच दिलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये नॉर्मन कीथ आणि नेल्सन बार्कर हे डॉक्टर हेन्री वॅगनर या नेत्रतज्ज्ञांबरोबर बसून एकेक रोगी पाहत. १९३९ मध्ये त्यांनी २१९ रोग्यांची हकीकत छापली आणि त्यांचे चार गट केले. पहिल्या गटात धमन्या थोड्या बारीक. दुसऱ्यात ओलांडणीवर शिरा दबलेल्या. तिसऱ्यात रक्तस्राव आणि कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग. चौथ्यात यांशिवाय दृष्टीच्या नसेचं तोंडच सुजलेलं. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले सत्तर जिवंत होते, चौथ्यातले सहा. औषध कोणालाच नव्हतं, कारण नव्हतंच मुळी. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला धास्ती वाटली होती, अजूनही वाटते. डोळ्यात पाहून डॉक्टर माणसाचं आयुष्य सांगत होते, आणि सांगण्यापलीकडे त्यांच्या हातात जवळजवळ काही नव्हतं.

तिसऱ्या आणि चौथ्या गटात जे दिसतं ते धमन्यांचा बांध फुटल्यावरचं असतं. आवळून धरायची ताकद संपली की भिंतीतून रक्तद्रव पाझरतो. रक्त पडद्याच्या वरच्या थरात, मज्जातंतूंच्या ओळींमधून पसरतं, म्हणून ठिपके ज्योतीसारखे लांबट दिसतात. एखादी बारीक धमनी बंद पडली की तिथल्या तंतूंमधली वाहतूक अडते, तिथं पांढरा डाग उमटतो. पाझरलेली चरबी दृष्टिबिंदूभोवती किरणांसारखी साचते, ती चांदणी. अशी चांदणी मी एका पंचविशीच्या पोरात पाहिली. अक्षर धुरकट दिसतं म्हणून आला होता, दाब २२० वर १३०. मी चश्मा न देता त्याला त्याच गाडीनं मिरजेला धाडलं; मूत्रपिंडाचा आजार निघाला. उपचार झाल्यावर काही आठवड्यांत सूज आणि रक्त ओसरलं, चांदणी विरायला कित्येक महिने लागले. धमन्या मात्र बारीक राहिल्या त्या राहिल्याच.

हे मागे फिरू शकतं, याचा पहिला ठसठशीत पुरावा आला तो भातातून. वॉल्टर केम्पनर हे बर्लिनचे ज्यू डॉक्टर हिटलरच्या जर्मनीतून निघून अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात आले. १९४० च्या सुमाराला ते रोग्यांना नुसता भात, फळं आणि साखर देत. मीठ जवळपास नाहीच. १९४४ मध्ये त्यांनी पडद्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो सगळ्यांसमोर ठेवले. सुजलेल्या नसेची सूज उतरलेली, रक्तस्राव गेलेले. अनेकांनी विश्वास ठेवला नाही, फोटोंत लबाडी आहे असंही बोललं गेलं. मोजलेला आकडा दिवसागणिक हलतो, त्यावर वाद घालता येतो. त्याच माणसाच्या त्याच फांद्या फोटोत ओळखू येत असताना मात्र वाद घालणं कठीण होतं. तो आहार कोणी जन्मभर खाऊ शकेल असा नव्हता हे खरंच. पण लोणचं, खर्डा आणि वर कच्चं मीठ घेणाऱ्या माझ्या रोग्यांना मी केम्पनर यांची गोष्ट सांगते. भात त्यांना समजतो.

आणि औषध? त्यातला एक महत्त्वाचा धागा मुंबईचा आहे. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वैद्य पिढ्यान् पिढ्या सर्पदंशावर आणि उन्मादावर वापरत आले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाब उतरवतं असं लिहिलं, पण ते भारताबाहेर फारसं कोणी वाचलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रोग्यांवर शिस्तीनं प्रयोग केले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ते छापले. मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७३ जणांना तीन औषधं एकत्र, त्यांतलं एक रेसर्पिन. ७० जणांना नुसत्या खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्यांवरच्या २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधांवरच्या फक्त दोघांना. गंभीर त्रास कशाला म्हणायचं या यादीत पडद्यावरचे नवे रक्तस्राव आणि नसेची सूज हीही होती. फार वाढलेला दाब उतरवावा की नाही, हा वाद त्यानंतर फारसा उरला नाही. रेसर्पिन आज फारसं कोणी देत नाही. मन खचतं, नाक चोंदतं, सुस्ती येते. त्याच्या जागी बरीच चांगली औषधं आली आहेत.

औषधं चांगली झाली आणि डोळ्यात पाहणं मागे पडलं. मी मिरजेत शिकत होते तेव्हा मेडिसिनच्या सरांच्या कोटाच्या खिशात स्टेथोस्कोपबरोबर डोळ्यात पाहायचा ऑफ्थाल्मोस्कोप असायचा, आणि बीपीच्या रोग्याच्या केसपेपरवर पडदा कसा दिसला ते लिहिलेलं नसेल तर पुढचं काही ऐकून घेतलं जात नसे. आता इको आहे, क्रिएटिनिन आहे, लघवीची तपासणी आहे. डोळ्यात पाहण्यावरचे आक्षेप खोटे नाहीत: पहिला आणि दुसरा गट यांतला फरक दोन डॉक्टर सारखा सांगत नाहीत, म्हणूनच २००४ मध्ये वाँग आणि मिचेल यांनी ते दोन्ही एकत्र करून सौम्य, मध्यम आणि घातक असे तीनच वर्ग सुचवले. पण त्याचा अर्थ पाहूच नये असा होत नाही. मधुमेहाचे रोगी आज दरवर्षी पडदा तपासायला माझ्याकडे पाठवले जातात, ही वीस-तीस वर्षांतल्या प्रचाराची मोठी कमाई आहे. नुसतं बीपी असलेला मात्र क्वचितच चिठ्ठी घेऊन येतो. त्याचा डोळा पाहायचा योग येतो तो चश्म्याच्या निमित्तानं.

२०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पावणेतीन लाखांहून जास्त माणसांचे पडद्याचे फोटो संगणकाला दाखवून शिकवलं. नुसत्या फोटोवरून तो वय साधारण सव्वातीन वर्षांच्या फरकानं आणि वरचा रक्तदाब साधारण अकरा अंकांच्या फरकानं सांगू लागला. स्त्री की पुरुष हेही सांगू लागला, जे आम्हा कोणालाच पडदा पाहून कळत नाही. दाबाचा अंदाज बांधताना तो फोटोत कुठे पाहतो, हे त्यांनी तपासलं. बहुतेक वेळा तो रक्तवाहिन्यांकडे पाहत होता.

मला त्या अकरा अंकांचं फार अप्रूप नाही. आकडा हवा तर दंडाला पट्टा बांधावा, दोन मिनिटांचं काम आहे. त्या आकड्यानं त्या माणसाच्या वाहिन्यांचं काय केलंय, ते पट्टा सांगत नाही. म्हणून गावातल्या फॅमिली डॉक्टरांना मी एवढंच सांगते की बीपी पहिल्यांदा सापडलं की रोग्याला एकदा पाठवा, थेंब न घालता फोटो काढणारा कॅमेरा आता तालुक्याच्या गावीही आहे. फोटोखाली त्या दिवशीचा दाब लिहून एक प्रत रोग्याच्या फायलीत लावून देते. पाच वर्षांनी दुसरा फोटो काढला की शेजारी ठेवून पाहता येतो.